चंद्रभानमामाचा निळा पाय

आमच्या चंद्रभानमामाला पायाबद्दल कुणी विचारलं, की तो आधी "कोनता?" असं विचारतो. डाव्या पायाची नडगी अशी खाचलेली आहे, की रस्त्यापलीकडच्या माणसालाही दिसावी. पण समोरच्याला थोडं अडवल्याशिवाय मामाला गोष्ट सुरू करता येत नाही. माझी आई म्हणायची, हा पाळण्यातही आगाऊच होता. आई त्याची मोठी बहीण, तेव्हा तिला माहीत असणारच.

वरूडच्या पुढे शेंदुरजना घाटाच्या वाटेवर मामाची संत्र्याची बाग. फार मोठी नाही, पण नीटनेटकी. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही अमरावतीहून एसटीनं यायचो, ते थेट बागेतच उतरायचो. आंबिया बहाराची, म्हणजे हिवाळ्याच्या तोंडाशी पिकणारी फळं तेव्हा नुकती रंगावर आलेली असायची. मामा आम्हाला झाडावर चढू द्यायचा नाही, काठीनं पाडू द्यायचा नाही. स्वतः देठाशी हात नेऊन, हलकेच पिरगाळून फळ काढायचा आणि आमच्या ओंजळीत ठेवायचा. आम्ही पोरं सालीचा रस एकमेकांच्या डोळ्यांत पिळायचो आणि मग मामी ओरडायची. ते ओरडणंही मला आता हवंसं वाटतं. त्या वेळी संत्री लाकडी पेट्यांत तणस, म्हणजे भाताचा वाळका पेंढा घालून भरायचे. ओल्या लाकडाचा, तणसाचा आणि संत्र्याचा मिळून जो वास यायचा, तो प्लास्टिकच्या क्रेटला येत नाही. कितीही नाक खुपसा.

मामा शिकला चौथीपर्यंत, पण कलमं बांधण्यात त्याचा हात बसलेला. हिवाळ्यात आसपासचे रोपवाटिकावाले त्याला बोलावून न्यायचे. जंबेरीच्या, म्हणजे रानलिंबाच्या रोपाची साल जमिनीपासून वीतभरावर चाकूनं उकलायची, तिच्यात संत्र्याचा डोळा सरकवायचा आणि पट्टी गुंडाळायची. सारा दिवस उकिडवं बसून ओळीनं पुढे सरकत जायचं. मामा सरकता सरकता खंजिरीवरची भजनं गुणगुणायचा. मोझरीच्या आश्रमात तरुणपणी राहून आला होता, तिथलीच ती सवय. आवाज भसाडा, पण त्याला तसं सांगायची कुणाची छाती नव्हती.

पार्वतामामी त्याच्या उलट. बुटकी, सावळी आणि कमी बोलणारी. बागेत तिचं एक काम ठरलेलं होतं, ते म्हणजे झाडांना मलम लावणं. संत्र्याच्या बुंध्याला डिंक्या रोग लागला की साल तडकते आणि आतून डिंक वाहतो. मग विळ्यानं ती सडकी साल खरवडायची, जिवंत हिरवी साल लागेपर्यंत खरवडायची, आणि त्या जागेवर मोरचूद आणि चुन्याचं निळं मलम फासायचं. त्याला बोर्डो पेस्ट म्हणतात. मोरचूद वेगळं भिजवायचं, चुना वेगळा, मग दोन्ही एकत्र ओतून काडीनं हलवत राहायचं आणि विळ्याचं पातं बुडवून पाहायचं. पातं तांबूस झालं तर चुना कमी पडला. मामीच्या बादलीत पातं कधी तांबूस झालेलं मी पाहिलं नाही. मामा पाहुण्यांना अभिमानानं सांगायचा, की मी हिला लग्न करून आणलं तेव्हा हिनं संत्र्याचं झाड पाहिलेलं नव्हतं आणि आता माझ्यापेक्षा बरं मलम करते. "जखम दिसली का झाकाची. उघडी ठेवाची नाही," हे त्याचं वाक्य आम्हा पोरांनाही पाठ होतं.

या वाक्यानंच पुढे घात केला.

आठ-नऊ वर्षं झाली असतील. दिवाळी नुकतीच सरली होती. बागेत एकीकडे आंबियाचा तोडा चालू, दुसरीकडे पावसाळ्यानंतरचं मलम लावणं चालू. भरलेली ट्रॉली उताराला उभी होती. नितेश, म्हणजे मामाचा मुलगा, ट्रॅक्टर जोडण्यासाठी पुढे गेला आणि मामा मागच्या चाकाला दगड लावायला वाकला. ट्रॉली हलली. दगड निसटला आणि मामाच्या डाव्या पायावरून चाक गेलं. नडगीचं हाड मोडून कातडीतून बाहेर आलं.

नितेश गाडी आणायला रस्त्याकडे पळाला. मजूर दूरच्या ओळीत होते. तेवढा वेळ मामामामी दोघंच तिथं होती. मामा डोळे मिटून पडलेला, रक्त मातीत जिरत चाललेलं, हाड उघडं, आणि मामीच्या हाताशी काय होतं तर निळ्या मलमाची बादली. मामीनं मूठ भरून मलम जखमेवर थापलं. वर स्वतःच्या पदराची पट्टी फाडून बांधली.

वरूडच्या दवाखान्यात पट्टी न सोडताच सलाईनची बाटली लावली, इंजेक्शनं दिली आणि अमरावतीला पाठवलं. मी अमरावतीतच राहते, घरापासून दवाखाना जवळ. गाडी आली तेव्हा मी दारातच उभी होते. अस्थिरोगाचे डॉक्टर दानिश अचलपूरचे, तेव्हा अगदी तरुण होते. त्यांनी पट्टी सोडली आणि थबकले. गुडघ्याखाली पाय निळा. चुन्यानं कडेचं मांस भाजलेलं.

"हे कोणी लावलं?" डॉक्टरांचा आवाज चढला होता.

मामी माझ्या शेजारी उभी होती. तिनं तोंड उघडलं, एवढं मी पाहिलं. पण तिच्या आधी मामाच बोलला. तोपर्यंत तो कण्हण्यापलीकडे काही बोलला नव्हता.

"म्या लावलं. बागवान हाव मी."

डॉक्टर त्याला खूप बोलले. जखमेवर फक्त स्वच्छ कोरडं फडकं बांधायचं असतं, पायाला काठीचा आधार द्यायचा असतो आणि निघायचं असतं. झाडाचं औषध जित्या मांसावर लावायची ही काय अक्कल, असं म्हणाले. मामानं मान डोलावली. मामी भिंतीला टेकून उभी राहिली आणि दोन्ही हात पदराखाली घेतले. तिची बोटं नखांपर्यंत निळी होती.

पहिलं ऑपरेशन झालं. बादल्या-बादल्या सलाईननं पाय धुतला, भाजलेलं आणि चेंदलेलं मांस काढून टाकलं, हाडाला बाहेरून सळया लावल्या. मग डॉक्टरांनी मला आणि नितेशला बाजूला घेऊन सांगितलं, की मोडलेलं हाड जुळवता येतं, भीती त्याची नाही. भीती आहे ती जंतू हाडात शिरण्याची. शेतातली माती, शेण, वरून हा चुना. एकदा हाडात पू धरला, तर तो वर्षानुवर्षं जात नाही. त्यांच्या मते दोन वाटा होत्या. गुडघ्याखाली पाय कापायचा, म्हणजे थोड्या दिवसांत माणूस घरी जाईल. नाहीतर पाय वाचवायचा प्रयत्न करायचा. त्यात पुन्हा पुन्हा ऑपरेशन, कितीतरी महिने, आणि एवढं करून शेवटी कापावा लागणार नाही याची हमी नाही.

मामीला हे सांगितलं, तर ती लगेच म्हणाली, कापा, मला माणूस हवा आहे. नितेशलाही तेच पटलं. खरं सांगायचं तर मलाही पटलं. निर्णय मामाचा होता, म्हणून डॉक्टर आणि मी त्याच्या खाटेपाशी गेलो. मामी नळावर डबा धुवायला गेली होती. मामानं सगळं ऐकून घेतलं, दाराकडे पाहिलं आणि हळू आवाजात बोलला.

"डॉक्टर, पाय कापाचा नाही. मलम म्या नाही, तिनं लावलं. म्याच तिले शिकोलं व्हतं, जखम झाकाची म्हून. आता पाय कापला, तं ती जन्मभर माह्या खुटाकडं पाहीन अन् म्हनीन, हे म्या केलं. मी एका पायानं चालीन हो. पन तिले तसं पाह्यता येनार नाही."

मी खिडकीकडे तोंड केलं. आमच्याकडे नवरा बायकोबद्दल असं कधी बोलत नाही, मामा तर नाहीच नाही. चाळीस वर्षं तो तिला चारचौघांत "अवं" यापलीकडे हाकसुद्धा मारत नव्हता.

थोड्या वेळानं डॉक्टर म्हणाले, ठीक आहे, प्रयत्न करू. पण ताप चढला आणि जिवावर बेतलं तर मी पाय कापीन. मामानं हो म्हटलं.

मग त्यांनी मामाला समजावून सांगितलं. नसेतून दिलेलं औषध रक्ताबरोबर जातं, आणि ते देणार आहोतच. पण जिथं मांस चेंदलं आहे, तिथं रक्तच पोचत नाही, तर औषध कुठून पोचणार? म्हणून औषध त्याच जागेवर नेऊन ठेवायचं. हाडासाठी एक सिमेंट येतं, त्यात जंतू मारणारी पावडर मिसळायची, घट्ट व्हायच्या आत हातानं त्याचे मणी वळायचे आणि तारेत ओवायचे. ती माळ जखमेच्या पोकळीत ठेवून वरून पारदर्शक पडदा चिकटवायचा. मण्यांतून औषध तिथल्या तिथं झिरपत राहतं. नसेतून तेवढं द्यायचं म्हटलं, तर मूत्रपिंडं निकामी होतील.

मामा डोळे बारीक करून ऐकत होता. "म्हंजे सडकं खरवडाचं, अन् जागेवरच औषध भराचं."

"हो."

"मंग आमचं काय चुकलं?"

डॉक्टर पहिल्यांदा हसले. "विचार चुकला नाही काका. औषध झाडाचं होतं."

त्या दिवशी डॉक्टरांचं हे बोलणं मी मामीला सांगितलं. वाटलं, तिला बरं वाटेल. ती नळाखाली लिंबाच्या फोडीनं बोटं घासत होती. निळा रंग नखांच्या कडेतून जात नव्हता. ती माझ्याकडे न पाहता म्हणाली, "तुहे मामा खोटं बोलले माह्यासाठी. आता पाय गेला तं मी कोनाले तोंड दाखवू, गीता?"

मी तिला जवळ घेतलं. दोघीही रडलो. मग डबा घेऊन वर गेलो, कारण मामाला भूक लागली होती आणि भूक लागली की तो वॉर्डभर गोंधळ घालायचा.

ते महिने मला अजून दिसतात. सकाळी माझ्या घरून ज्वारीची भाकर आणि वरण जायचं, संध्याकाळी मामा खाटेवरच सामुदायिक प्रार्थना म्हणायचा. शेजारच्या खाटेवरचे अब्दुल सत्तार, अकोल्याचे कापडवाले, कंबर मोडून पडलेले, ते टाळी देऊन ताल धरायचे. मामा त्यांना म्हणायचा, तुमचा ताल चुकते. सत्तारभाई म्हणायचे, तुमचा सूर कहाँ बराबर है. ही भांडणं ऐकायला नर्सही थांबायच्या. त्या वर्षी अपघाताच्या आधी मोझरीच्या पुण्यतिथीला मामा जाऊन आला होता, ती त्याची धडधाकट पायांनी केलेली शेवटची खेप ठरली.

पण दर वेळी पट्टी सोडताना सगळे गप्प व्हायचे. डॉक्टर वाकून वास घ्यायचे, कडा दाबून पाहायचे. दोनदा माळ बदलली. एकदा ताप चढला. त्या संध्याकाळी डॉक्टरांनी पाय कापण्याच्या कागदावर नितेशची सही घेऊन ठेवली, आणि मामीनं पाणीसुद्धा घेतलं नाही. ताप उतरला, तेव्हा सगळ्यांच्या आधी मामानं तिला जेवायला पाठवलं.

शेवटी एके दिवशी डॉक्टर पट्टी सोडून बराच वेळ पाहत राहिले. जखमेतलं मांस लालबुंद, ओलं आणि जिवंत होतं. तपासायला पाठवलेल्या नमुन्यात जंतू निघाले नव्हते. त्यांनी मामीला मुद्दाम जवळ बोलावलं आणि म्हणाले, काकू, पाय राहिला. मामीनं पदराखालचे हात बाहेर काढले आणि डॉक्टरांना जोडले. डॉक्टर संकोचून दोन पावलं मागे सरले. पुढे माळ काढली, पोटरीचं मांस वळवून हाड झाकलं, वर मांडीची कातडी लावली. सळया बऱ्याच उशिरा निघाल्या. घोटा कायमचा आखडला आणि मामाचं उकिडवं बसणं संपलं.

घरी आल्यावर त्यानं हिवाळ्याची वाट पाहिली, आणि मग पाटावर बसून, डावा पाय समोर लांब करून कलमं बांधायला लागला. पूर्वीच्या निम्मीही होत नसत. रोपवाटिकेतली तरुण पोरं त्याला काका, आराम करा म्हणाली, तर त्यानं त्यांच्याच बांधणीतल्या चुका काढल्या. निळ्या पायाची गोष्ट मात्र त्यानं सगळीकडे नेली. लग्नात, तेरवीत, एसटीत. प्रत्येक वेळी मलम त्यानंच लावलेलं असायचं, आणि डॉक्टरांची बोलणी दर खेपेला वाढत जायची. मामी ऐकत तिथंच बसायची. एकदा तिनं मला सांगितलं, की ऐकून ऐकून आता तिलाही कधीकधी तसंच झालं असं वाटतं.

संध्याकाळी ती ओट्यावर बसून त्याच्या पायाला तेल चोळायची. खाचेजवळ आली की बोटं हलकी व्हायची. चोळून झालं तरी ती पायाकडे पाहत राहायची. मामा चिडवायचा, "पाहून घे. हाये ना जागेवर?" मामी म्हणायची, "हाये." हे रोज व्हायचं. मी गेले की मीही ओट्यावर बसून राहायचे, समोर बाग काळी होत जायची, आणि मला घरी परत जावंसं वाटायचं नाही. माझ्या आयुष्यात सुख म्हणून जे काही मी जवळून पाहिलं, ते हेच.

गेल्या पौषात मामी गेली. झोपेतच गेली, कुणाला त्रास न देता, तिच्या स्वभावाप्रमाणे.

मामा रडला नाही. फक्त गोष्ट सांगायची त्यानं थांबवली. फाल्गुनात मी गेले, तेव्हा तो ओट्यावर बसला होता आणि धोतर पायापर्यंत ओढून घेतलेलं होतं. माशा घोंगावत होत्या. मी धोतर बाजूला केलं, तर खाचेच्या टोकाला लाल फोड आणि त्यातून पू. किती दिवस झाले विचारलं, तर म्हणाला, असंन थोडंसं. मी त्याला असं काही झापलं, की शेजारची बेबीताई भांडण लागलं समजून कुंपणापाशी आली. दुसऱ्या दिवशी गाडी करून मी त्याला अमरावतीला आणलं.

डॉक्टर दानिश यांचे केस आता कानांपाशी पांढरे झाले आहेत. त्यांनी मामाला ओळखलं, मामीचं विचारलं, आणि मी ती गेल्याचं सांगितलं. मग एक्स-रेचा फोटो पाहून डॉक्टर म्हणाले, जुन्या हाडात असं कधी कधी पुन्हा डोकं वर काढतं. जागा लहान आहे. उघडून खरवडू आणि औषधाचे मणी भरू. आता विरघळणारे मणी येतात, काढायला दुसरं ऑपरेशन लागत नाही.

मामा सगळं ऐकत होता. मग शांतपणे म्हणाला, "कापून टाका, डॉक्टर. तवा नाही म्हनलो, कावून का घरी पाह्यनारी व्हती. आता कोन पाह्यते?"

डॉक्टरांनी फोटो खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. मला मामाचा भयंकर राग आला होता. इतक्या वर्षांत मी त्याच्यापुढे माझी शाळेतली मराठी बोलत आले. त्या वेळी ती कुठल्या कुठे गेली.

"मी पाहून राहिली ना, मामा. एवढ्या वर्षांपासून पाहून राहिली. मी कोनी नाही का तुमची?"

मामा माझ्याकडे पाहत राहिला. त्याचे डोळे भरले आणि त्यानं ते पुसले नाहीत. मग तो वाकला, धोतर स्वतःच्या हातानं गुडघ्यापर्यंत वर घेतलं, आणि पाय उचलून डॉक्टरांच्या पुढ्यात ठेवला.